चातुर्मासात कार्बाइडचा दिवा

सायकलचा दिवा ज्या कुणी शोधून काढला, त्याच्यावर माझा उघड आरोप आहे: तो माणूस जन्मात कधी अंधारात सायकलवर बसलेला नव्हता. बसला असता तर दुसऱ्याच खड्ड्यात त्याला आपली चूक कळली असती. या गृहस्थाने भर दुपारी खिडकीशी खुर्ची टाकून, चहाचे घुटके घेत हा दिवा बनवला असावा, आणि तो पेटतो एवढं पाहून समाधानाने वामकुक्षी घेतली असावी. पेटलेला दिवा पुढेही पेटलेला राहिला पाहिजे, हा विचार त्याच्या मनाला शिवला नाही. आपल्याकडच्या सगळ्या सुधारणांचं हे असंच आहे. (हे वाक्य मी एकदा वाचनालयातल्या भाषणात टाकलं होतं. टाळी पडली. एकच पडली, पण खणखणीत.)

मी बी. ए. आहे, हे आधीच सांगून टाकतो. देशात नवी व्यवस्था येईपर्यंत तात्पुरता म्हणून विश्रामबागेतल्या एका कचेरीत कारकुनी करतो. राहतो सांगलीच्या गावभागात. कचेरी सुटता सुटता दिवस मावळतो आणि विश्रामबाग ते गाव हा रस्ता अंधाराचा, झाडीचा आणि मन मानेल तिथे बसणाऱ्या म्हशींचा आहे. इतके दिवस मी तो अंदाज, घंटी आणि आत्मविश्वास यांच्या जोरावर कापत होतो. पण यंदा क्षमा आली, आणि प्रश्न एकट्याच्या गुडघ्यांचा राहिला नाही.

क्षमा ही माझी मेहुणी. साताऱ्याहून मॅट्रिक झाली आणि कॉलेजात जाणारच म्हणून हटून बसली. माझे सासरे विष्णुपंत (त्यांना सगळे अण्णा म्हणतात) साताऱ्याच्या कोर्टात शिरस्तेदार होते. तिथे निकाल दुसरे देत, म्हणून राहून गेलेली हौस ते आता घरी भागवतात. त्यांनी निकाल दिला, "एक टर्म जाऊ दे. दसरा झाला की मी सांगलीला येईन. घरचं वळण बघेन. पटलं तर पुढे, नाही पटलं तर पोरगी माझ्याबरोबर परत." आणि परत म्हणजे नुसतं परत नव्हे. वडूजच्या एका वकिलांचं स्थळ तिकडे तयार होतं. वकिलांना मुलगी पसंत होती, मुलीला वकील पसंत नव्हते, आणि अण्णांच्या मते ही नेहमीची गोष्ट होती.

स्त्रीशिक्षण म्हणजे माझा जीव की प्राण. क्षमाचं कॉलेजही विश्रामबागेतच, आणि प्रॅक्टिकल संपायचं ते दिवेलागणीला. मी आकारामच्या दुकानातून तिला एक बायकांची सायकल भाड्याने घेऊन दिली, चालवायला शिकवली, आणि संध्याकाळी ती पुढे, मी मागे, असे आम्ही घरी येऊ लागलो. माझी बायको विनोदिनी एवढंच म्हणाली, "अहो, सायकलचं अण्णांना कळू द्यायचं नाही. कळलं तर त्याच सायकलवरून तिला साताऱ्याला नेतील."

आता दोघांना पुरेल असा, भरवशाचा दिवा पाहिजे होता. एवढा एक लहानसा निर्णय घ्यायचा होता.

पहिला रॉकेलचा. हा दिवा खड्डा आला की विझतो, वारा आला की विझतो, आणि पोलीस दिसला की हटकून विझतो. "दिवा कुठाय?" असं पोलिसाने विचारलं की मी काच दाखवून म्हणायचो, "हात लावून बघा, अजून गरम आहे." शिवाय रॉकेल रेशनवर. लढाई संपून वर्ष झालं तरी आमचं रॉकेल अजून लढाईवरून परत आलेलं नव्हतं.

दुसरा डायनामोचा. हा चाकावर फिरतो. जोरात पाय मारले की लख्ख उजेड, हळू झालात की काजवा, थांबलात की काळोख. म्हणजे पुढे काहीतरी काळं बसलेलं दिसलं, ते म्हैस आहे की दगड हे बघायला वेग कमी केला, की नेमका तेवढ्यात दिवा जातो. बघायचं असेल तर त्या वस्तूवर भरधाव जाऊन आदळायला हवं. मी दोनदा बघितलं. दोन्ही वेळा म्हैस होती.

मग मी आकारामच्या दुकानात जाऊन बसलो.

"रॉकेल नगं म्हन्ता, डायनामो नगं म्हन्ता," आकाराम म्हणाला. "मग ह्यो घ्या की सायेब. कारबाइट. खाली खडं घालायचं, वर पानी वतायचं. थेंब पडला की ग्यास. काडी लावा, की दिवस उगावला."

"वाऱ्याने विझत नाही ना?"

"वारं? वादळात धरा! एकदा पेटला की त्यो आन तुमी, आदी कोन दमतंय बगा."

"बाकी काही त्रास? वास वगैरे?"

"वास?" आकारामने तपकिरीची भली मोठी चिमूट दोन्ही नाकपुड्यांत कोंबली, डोळे मिटले, शिंकेची वाट पाहिली, ती आली नाही तेव्हा डोळे उघडले. "मला तर कवाच आला न्हाई बा."

दुकानदार स्वतः साक्ष देतो आहे म्हटल्यावर आणखी काय हवं? मी दिवा घेतला.

घरी पाऊल टाकलं आणि विनोदिनी पोळपाट सोडून बाहेर आली. "अहो, लसूण कुणी आणला?"

इथे थोडं आमच्या घराबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे चातुर्मास कडक. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत कांदा, लसूण, वांगं यांतलं काही उंबऱ्याच्या आत येत नाही. या रूढीवर मी वाचनालयात आसूड ओढले आहेत. लसणाला चार महिने हद्दपार करणारा समाज स्वराज्य काय पेलणार, असा सवालच टाकला होता. विचाराने मी चातुर्मासातही लसूण खातो. आचाराने अजून तसा योग आलेला नाही, कारण स्वयंपाक विनोदिनी करते.

"हा लसणाचा वास नाही," मी समजावून सांगितलं. "खड्यांतून अ‍ॅसिटिलीन नावाचा वायू निघतो. शुद्ध असेल तर त्याला असा वास नसतो. त्यात भेसळ असते, तिचा हा वास."

"म्हणजे लसणाची भेसळ?"

"लसणाचा काही संबंध नाही!"

"मग वास लसणाचा का येतो?"

"लसणासारखा येतो."

"लसणासारखा वास चातुर्मासात चालतो, असं कुठे लिहिलंय?"

नाही म्हणूनही लिहिलेलं नाही, असं मी म्हणालो आणि जिंकलो. (घरातल्या वादात मी जिंकलो की पुढे काहीतरी वाईट होतं. हे तेव्हाच ओळखायला हवं होतं.)

खड्यांना दमट हवा चालत नाही. घरातली सगळ्यांत कोरडी जागा म्हणजे चुलीशेजारचं फडताळ, म्हणून खड्यांचा डबा तिथे मेतकुटाच्या बरणीला लागून बसला. आठवड्याभरात घरात कुणालाच वास येईनासा झाला. नाकाचं आणि प्रजेचं सारखंच असतं, रोजचं झालं की चालवून घेतात.

आणि दिवा! रस्त्यावर असा पांढरा झोत पडायचा की बैलगाडीवाले मोटार आली म्हणून गाड्या कडेला घ्यायचे. म्हशी उठून वाट द्यायच्या. खड्डा दिसायचा, खड्ड्यातलं पाणी दिसायचं, पाण्यातला बेडूक दिसायचा. क्षमा पुढे निघाली की मला वाटायचं, उद्याच्या स्त्रीला आजचा पुरुष उजेड दाखवतो आहे. (हे वाक्य अजून कुठे वापरलेलं नाही.)

दसरा झाला आणि एका रविवारी दुपारच्या सर्व्हिस मोटारीने अण्णा आले. दोन्ही सायकली आदल्या दिवशीच शेजारच्या गोठ्यात नेऊन ठेवल्या होत्या. क्षमाने साधं लुगडं नेसून पाटपाणी मांडलं, विनोदिनीने साटोऱ्या केल्या, मी टोपी घातली. घर इतकं वळणदार झालं होतं की मला चुकून दुसरीकडे आल्यासारखं वाटत होतं.

अण्णा रात्रीचं जेवण दिवस असतानाच घेतात. हातपाय धुऊन, सोवळ्याचा मुकटा नेसून ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले. अण्णांचं नाक लांबलचक आणि तरतरीत. कोर्टात असताना दप्तराच्या नुसत्या वासावरून ते तालुका सांगत, अशी त्याची ख्याती. ते नाक आत गेलं. मागून अण्णा गेले नाहीत.

"विनू, काय केलंयस?"

"वरणभात, दुध्याची भाजी, काकडीची कोशिंबीर."

"आणखी?"

"तुम्हाला आवडतात म्हणून साटोऱ्या."

"आणखी?"

"मेतकूट आहे."

"आणखी काही असेल तर आत्ताच सांग. मागाहून सांगितलेलं धरलं जात नाही."

विनोदिनी गोंधळून माझ्याकडे बघू लागली. अण्णाही माझ्याकडे बघू लागले. "जावईबापू," ते म्हणाले, "जरा बाहेर या."

आम्ही सोप्यावर आलो. अण्णा झोपाळ्यावर बसले, मी उभा राहिलो.

"तुमचे विचार साताऱ्यापर्यंत पोचलेत," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "विचारांना माझी हरकत नाही, विचार कुणीही करावेत. पण मी सरळ विचारतो, सरळ उत्तर द्या. हे तुमच्या घरात चालतं?"

मी ओळखलं. सायकलचं कुणीतरी सांगितलं! गोठ्यात डोकावले असतील. क्षणभर वाटलं, कानावर हात ठेवावेत. पण मग मनात म्हटलं, तत्त्व म्हणून जे केलं त्याची भीती कसली? मी टोपी काढली.

"चालतं," मी म्हणालो. "आणि मला त्याची लाज वाटत नाही."

अण्णांनी डोळे मिटले. "कधीपासून?"

"श्रावणापासून."

"श्रावणापासून! आणि रोज?"

"सुट्टी सोडून रोज. घरात नाही करत आम्ही. रस्त्यात."

"रस्त्यात? लोकांदेखत?"

"लपवायचं कशाला? उलट लोकांनी बघावं, शिकावं."

"आम्ही म्हणजे कोण? तुमच्याबरोबर आणखी कोण असतं?"

"क्षमा."

झोपाळ्याच्या कड्या करकरल्या.

"पहिल्या पहिल्यांदा तिला जमेना," मी रंगात येऊन सांगू लागलो. "डोळ्यांत पाणी यायचं. मी म्हटलं, नेट धर, सवय होईल. आता अशी सराईत झालीय की मला मागे टाकते."

"आणि विनोदिनी?"

"ती अजून बिचकते. पण दिवाळीनंतर तिलाही लावणार आहे. मी तर म्हणतो अण्णा, तुम्हीसुद्धा सुरू करा. या वयात प्रकृतीला फार चांगलं. पोट साफ राहतं."

अण्णा उठले. "क्षमा! ट्रंक भर. उद्या सकाळच्या मोटारीने साताऱ्याला निघायचं."

क्षमा बाहेर आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मागोमाग विनोदिनी आली.

"अण्णा, पण मी केलं काय?"

"काय केलं? चातुर्मासात लसूण खाल्लास! भर रस्त्यात! यांच्या संगतीने!"

"लसूण?" आम्ही तिघं एकदमच म्हणालो.

"अण्णा, मी सायकलबद्दल बोलत होतो!" मी ओरडलो.

"सायकल?" अण्णांचं नाक माझ्याकडे वळलं. "कसली सायकल?"

विनोदिनीने माझ्याकडे असं काही पाहिलं की ते इथे लिहिता येत नाही. आरोप एका गुन्ह्याचा आणि कबुली दुसऱ्याचीच, असा आरोपी अण्णांनी उभ्या नोकरीत पाहिलेला नसावा. एका वाक्यात मी क्षमावर दोन खटले उभे केले होते.

"सायकलीचं मागाहून," अण्णा म्हणाले. "आधी लसूण."

"अण्णा, शपथेवर सांगतो, मी चातुर्मासात लसणाला हात लावलेला नाही! कधीच नाही! जानव्याची शपथ!" असं म्हणून मी सदऱ्यात हात घातला, आणि तेव्हा आठवलं की जानवं तत्त्व म्हणून मी कॉलेजातच काढून ठेवलं होतं. हात तसाच छातीवर राहू दिला. जनसमूहाला लसूण खाण्याचं आवाहन करणारा मी, आपण किती सोवळे आहोत हे शेजारच्या तीन घरांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होतो.

"तो वास दिव्याचा आहे," क्षमा म्हणाली. ती रडत नव्हती. "सायकलच्या दिव्याचा. भावोजी, डबा दाखवा ना."

मी धावत जाऊन फडताळातला डबा आणला आणि झाकण काढून अण्णांच्या नाकाखाली धरला. अण्णा दोन पावलं मागे सरकले.

"हाच," ते म्हणाले. "लसूण या डब्यात ठेवत होता."

"अहो, हे दगड आहेत!"

"दगड आत्ता आहेत. डबा आधी कशाचा होता, ते नाक सांगतंय. ही पांढरी भुकटी कसली? कुटूनसुद्धा ठेवला होता की काय?"

मला राहवेना. समजावत बसणं हा माझा स्वभावच नव्हे, माझा विश्वास कृतीवर. मी दिवा आणला, डब्यातले होते नव्हते तेवढे खडे त्यात ओतले, वर काठोकाठ पाणी भरलं, दिवा मधोमध तिपाईवर ठेवला आणि म्हणालो, "आता बघाच!" बाहेर अंधारून येत होतं. मी काडी ओढली.

लख्ख! सोप्याच्या भिंतींवरचे पोपडे दिसू लागले. आणि त्याच क्षणी विनोदिनीने हात जोडले, क्षमाने हात जोडले, अण्णांनी डोळे मिटून हात जोडले आणि पुटपुटत दिव्याला नमस्कार केला. तिन्हीसांज झाली होती, घरातला पहिला दिवा लागला होता.

अण्णांनी डोळे उघडले, वाकून दिव्याचा वास घेतला. डावीकडून घेतला, उजवीकडून घेतला.

"वास नाही," ते म्हणाले.

आणि खरंच नव्हता. नीट पेटलेल्या दिव्यात तो वायू जळून जातो, हे बी. ए. माणसाला काडी ओढण्याआधी आठवायला हवं होतं.

"पेटल्यावर येत नाही!" मी म्हणालो. "विझला की येतो. थांबा, विझवून दाखवतो—"

"खबरदार!" अण्णांनी माझा हात धरला. "तिन्हीसांजेला लावलेला दिवा, ज्याला घराने नमस्कार केला तो, तुम्ही फुंकर मारून घालवणार? माझ्यादेखत?"

"मग कधी घालवू?"

"घरातली जेवणं झाल्यावर. त्याआधी नाही."

"मग बसा जेवायला."

"वासाचा उलगडा झाल्याशिवाय मी या घरात पाणीसुद्धा घेणार नाही."

दिवा गेल्याशिवाय जेवण नाही आणि जेवण झाल्याशिवाय दिवा घालवायचा नाही. कॉलेजात मला तर्कशास्त्र होतं, पण त्यात हे नव्हतं. आपल्या पावलांनी दिवा जाईपर्यंत वाट बघणं एवढाच मार्ग उरला, आणि मी तो काठोकाठ भरून ठेवला होता.

आम्ही बसलो. अण्णा झोपाळ्यावर, मी जमिनीवर, मध्ये दिवा. रस्त्यावर ज्याच्या भरवशाचं मला इतकं कौतुक होतं तो भरवसा आता समोर बसून बघण्याची पाळी आली. वाऱ्याची झुळूक आली, मी आशेने पाहिलं. ज्योत हललीसुद्धा नाही. मी पाणी बंद करायच्या चकतीकडे सहज म्हणून बोट नेलं. "हात!" अण्णा पोथीतून वर न बघता म्हणाले.

हो, अण्णांनी पोथी काढली होती. मोकळं बसण्याची त्यांना सवय नाही. थोड्या वेळाने त्यांनी चष्मा पुसला, पोथी जरा लांब धरली, मग आणखी लांब. "अक्षर स्वच्छ दिसतंय," ते नाइलाजाने म्हणाले. साताऱ्यात संध्याकाळनंतर त्यांना वाचता येत नसे.

क्षमा आतून आली. मला वाटलं ट्रंक घेऊन आली, पण तिच्या हातात रसायनाचं पुस्तक होतं. ती दिव्याच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि वाचू लागली. उद्या सकाळी मोटारीत बसायचं असलेली मुलगी आदल्या संध्याकाळी अभ्यास करते आहे हे बघून अण्णांचं चित्त पोथीवरून उडालं.

"त्यात या दिव्याचं काही आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे. हे पान." तिने इंग्रजी वाचून दाखवलं, मग शांतपणे मराठीत सांगितलं. अगदी तेच, जे मी विनोदिनीला सांगितलं होतं. पण तिने सांगितलं तेव्हा ते पटण्यासारखं वाटलं, हे मला जरा लागलं.

"छापलंय तसं?"

"तुम्हीच वाचा ना."

अण्णांनी वाचलं, मलपृष्ठ बघितलं, छापखान्याचं नाव बघितलं. "प्रथमदर्शनी ग्राह्य," ते म्हणाले. "पण प्रत्यक्ष पुरावा पाहिजे. दिवा जाऊ दे." मग काही वेळाने, दुसरीकडे बघत, "पुढचं वाच. त्या खड्यांचं. ते कसे करतात?"

क्षमा वाचू लागली. अण्णा मध्ये मध्ये प्रश्न विचारू लागले. मला कुणी काही विचारलं नाही.

तेवढ्यात मागच्या दाराने बनाबाई आली. ती विश्रामबागेतल्या एका प्रोफेसरांचं काम उरकून, चालत गावात येऊन आमची भांडी घासते. हातातला कंदील तिने पडवीत ठेवला, रिकामी मोरी बघितली, मग सोप्याच्या दारात येऊन दिव्याला हात जोडले.

"आवं बाई, भांडी न्हाईत व्हय आज?"

"अजून जेवणं व्हायचीत गं," विनोदिनी म्हणाली. "हा दिवा गेल्यावर."

"दिवा गेल्याव?" बनाबाईने दिव्याकडे, मग आमच्या वाळलेल्या तोंडांकडे पाहिलं. "कसला उपास म्हनायचा ह्यो?"

"सायबांनी काढलेला," विनोदिनी म्हणाली.

"लय कडक दिसतोय," असं म्हणून बनाबाई दारातच टेकली.

साटोऱ्यांचा वास येत होता. अण्णांच्या नाकाने तोही टिपला असावा, कारण ते पोथी पुन्हा पुन्हा मिटून उघडत होते. माझ्या पोटातून आवाज आला, आणि तो त्या शांततेत ट्रंक ओढल्यासारखा ऐकू गेला. दिवा मात्र पांढराशुभ्र. शेवटी एकदाची ज्योत पिवळी झाली, लांबली, बसली, पुन्हा उठली. सगळे पुढे सरकलो. बनाबाईही सरकली. ज्योत सुईएवढी झाली आणि गेली.

आणि अंधारात तो वास आला! इतक्या दिवसांत माझ्या नाकाने ऐकायचं सोडलेला वास आता फोडणीसारखा उठला. मला आनंदाने उडी मारावीशी वाटली.

"लसूण!" अण्णा अंधारात म्हणाले. आणि मग सावकाश, "म्हणजे, दिवाच."

विनोदिनीने समई लावली. अण्णा दिव्यासमोर बसून नाक जवळ नेत होते, मागे घेत होते. दोन-चारदा खात्री केल्यावर ते सरळ झाले.

"जावईबापू, तुम्ही चातुर्मासात लसूण खाल्लेला नाही."

"नाही."

"विचार काही असोत, आचार शुद्ध आहे. शंका घेतली, चुकलं माझं. तुमच्यासारख्या सनातनी वळणाच्या माणसाच्या घरी पोरगी ठेवायला मला काही भीती नाही. क्षमा पुढे शिकेल."

क्षमाने पुस्तक छातीशी धरलं. तिचे डोळे आता कुठे भरून आले. मी मात्र स्त्रीशिक्षणाचा लढा सनातनी म्हणून जिंकला होता, आणि आभार कुणाचे मानावेत हे कळत नव्हतं.

"सायकलला हरकत नाही," अण्णा साटोरीच्या दिशेने उठत म्हणाले. "मी स्वतः कोर्टात सायकलने जात होतो. मात्र हा दिवा कार्तिकीपर्यंत घरात नको. उजेड सात्त्विक आहे, पण जाताना तामसी होतो."

"काही अडचण नाही!" मी म्हणालो. "रॉकेलचा आहे, डायनामो आहे—"

"डायनामोने ते दोनदा म्हशीवर गेले," क्षमा म्हणाली. आनंदाच्या भरात माणूस खरं बोलतो. "आणि रॉकेलच्या दिव्याने खड्ड्यात. पोलिसाने तर दोन वेळा—"

अण्णा थांबले. "मग अंधारात हिला आणणार कोण?"

वडूजचे वकील पुन्हा सोप्यावर येऊन बसल्यासारखे वाटले. मी पुढे झालो, छाती काढली. "अण्णा, मी आहे! मी असताना क्षमाची काळजी—"

"पोरीची काळजी सोडा, आण्णा," दारातून बनाबाई उठत म्हणाली. "मी त्याच वाटंनं येते न्हवं कंदील घिऊन? रोज आनते तिला घरापतुर. आन सायेबांस्नीबी आनते की. पर त्येंनी सायकल हातात धरून, गुमान माज्या मागनं चालायचं."